चिंधीचं वाण : एक मीटर कापडात काय काय निघतं

मैत्रिणींनो, मागच्या अंकात बचतीच्या नोंदवहीबद्दल लिहिलं होतं. यावेळी कात्री-सुईचा पाठ घेऊ. मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी उद्यापनाचं हळदीकुंकू असतं. त्यानंतर संक्रांत येते आणि तिथून रथसप्तमीपर्यंत गावोगावी हळदीकुंकू चालतं. प्रत्येक घरी पंचवीस-तीस बायका येतात आणि प्रत्येकीच्या हातात काही ना काही वाण पडतं. आपण बाजारातून काय आणतो ते एकदा घरात शोधून बघा. प्लास्टिकचा डबा, गाळणी, चमचा, साबणाची पेटी. निम्मं होळीपर्यंत मोडलेलं असतं. हे पैसे आपल्याच गावातून बाहेर जातात. आणि आपण राहतो कुठे? भिवंडीच्या आसपास. इथे कापडाची चिंधी रस्त्याच्या कडेला पडलेली असते.

आपल्या शहरातल्या यंत्रमागांवर मुख्यतः कोरं कापड विणलं जातं, ज्याला सगळे ग्रे म्हणतात. रंगाई-छपाई त्यावर नंतर होते. या धंद्यात रोज तुकडे पडतात. ताग्याचं शेवटचं टोक, विणताना धागा तुटून खराब झालेला भाग, तेलाचा डाग पडलेलं कापड. शटल नसलेल्या नव्या मागांवर कापडाच्या कडेने एक झालरीसारखी पट्टी सुटी पडते, ती तर लांबच लांब निघते. शिवणकारखान्यांतून रंगीत आणि छापील तुकडे येतात, बनियन-टीशर्टच्या होजिअरीचेही येतात. हे सगळं किलोवर विकलं जातं. गोदामांच्या पट्ट्यात, म्हणजे काल्हेर, पूर्णा, राहनाळ, माणकोलीकडे पुठ्ठ्याच्या खोक्यांना तोटा नाही. तेव्हा आपल्याला मालाची अडचण नाही. अडचण दोन ठिकाणी येते. कोणतं कापड कशाला वापरायचं ते कळत नाही, आणि किंमत लावता येत नाही. दुसऱ्या गोष्टीत मी स्वतः सपशेल फसले आहे, ते पुढे सांगते.

आधी काडी लावून बघा

चिंधीचा गठ्ठा घेताना वरवर बघून घेऊ नका. सोडायला लावा. आतून ओला असेल तर वजन पाण्याचं आहे आणि पैसे तुम्ही कापडाचे देताय. घरी आणल्यावर पहिलं काम म्हणजे सुती कोणतं आणि पॉलिस्टर कोणतं ते वेगळं करणं. हाताला दोन्ही सारखीच लागतात, विशेषतः मिसळलेलं कापड भल्याभल्यांना ओळखत नाही. म्हणून बोटभर धागे काढा, चिमट्यात धरा, खाली पाण्याची थाळी ठेवा आणि काडी लावा. पोरं जवळ नकोत. सुती कापड कागदासारखं जळतं, कागद जळल्यासारखाच वास येतो, राख राखाडी पडते आणि बोटाने चुरते. पॉलिस्टर ज्योतीपासून आक्रसतं, वितळतं आणि टोकाला काळा कडक मणी तयार होतो. मिसळलेलं असेल तर जळतंही आणि मणीही होतो. त्याला पॉलिस्टरच समजा.

हे कशाला एवढं? कारण आमच्या एका ताईंनी हौसेने स्वयंपाकघरातली मसोती शिवली होती, छान फुलाफुलांच्या कापडाची. पहिल्याच दिवशी तापलेली कढई उतरवताना कापड वितळून बोटाला चिकटलं. वितळलेलं कापड पटकन सुटत नाही, कातडीसकट येतं. तेव्हा मसोतं आणि चुलीजवळ वापरायची कोणतीही वस्तू, शिवाय लहान बाळाची गोधडी, या फक्त सुती कापडाच्या. पॉलिस्टर वाया जात नाही, त्याच्या पिशव्या आणि पायपुसणी उत्तम होतात, उलट लवकर वाळतात.

कोऱ्या कापडाला मागावर चढवण्याआधी ताण्याला खळ दिलेली असते. म्हणून ते कडक लागतं. ते रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी गरम पाण्यात धुवा, वाळवा. सुती असेल तर पहिल्या धुण्यात आटतं. आधी शिवून मग धुतलं तर पिशवी वेडीवाकडी होते आणि गिऱ्हाईक तोंडावर आणून टाकतं. तेलाचे डाग असतील तर धुण्याआधी भांड्याचा साबण डागावर चोळून थोडा वेळ ठेवा. रंगीत तुकड्यांवर ओलं पांढरं फडकं दाबून घासा. फडक्याला रंग लागला तर तो तुकडा पांढऱ्याशी जोडायचा नाही. मिठाच्या पाण्यात टाकलं की रंग पक्का होतो असं म्हणतात, त्यावर माझा भरवसा नाही.

एक मीटर, चार वस्तू

आता पाठाचा मुख्य भाग. धुऊन वाळलेलं, 44 इंच पन्ह्याचं एक मीटर कापड घ्या. एक मीटर म्हणजे 39 इंच आणि वर थोडंसं. हे नीट कापलं तर दोन मोठ्या बाजारपिशव्या, एक बटवा आणि एक मसोतं निघतं, हातात काही उरत नाही. कात्री लावण्याआधी खडूने आखून घ्या, आणि पहिल्यांदा तर जुन्या वर्तमानपत्रावरच कापून बघा.

पन्ह्याच्या आडव्या बाजूने 4 इंचाची एक पट्टी काढा. ती 44 इंच लांब असेल. मधोमध कापली की 22 इंचाचे दोन बंद झाले, पहिल्या पिशवीचे. आता उरलं 35 इंच लांब आणि 44 इंच रुंद. त्याच्या रुंदीत 15, 15 आणि 14 अशा तीन उभ्या पट्ट्या पाडा. पंधराच्या दोन पट्ट्या म्हणजे दोन पिशव्या. चौदाची पट्टी 35 इंच लांब आहे, ती 22 इंचावर कापा. या 22 इंचाच्या भागातून 4-4 इंचाचे दोन बंद काढा, ते दुसऱ्या पिशवीचे. शेजारी 6 बाय 22 चा तुकडा उरतो, तो बटव्याला. आणि खाली 14 बाय 13 चा जवळजवळ चौकोन उरतो, तो मसोत्याला, अर्थात कापड सुती असेल तर.

पिशवीची शिवण दोनदा घालायची. 35 इंचाची पट्टी मधून दुमडा, उलटी बाजू आत राहील अशी, म्हणजे सुलटी बाजू तुम्हाला दिसेल. दोन्ही कडांना पाव इंचावर शीण मारा. मग पिशवी उलटी करा, कडा बोटाने नीट काढा आणि पुन्हा पाव इंचावर शिवा. सुटे धागे दोन शिवणींच्या मध्ये बंद होतात. ओव्हरलॉकचं मशीन लागत नाही आणि आतून पिशवी बाहेरच्याइतकीच स्वच्छ दिसते. खाली घडी आहे, शिवण नाही, म्हणून तळ फाटत नाही. तोंडाला दीड इंच दुमडून टीप मारा. तयार पिशवी 14 इंच रुंद आणि 16 इंच उंच होते. पाच किलो तांदूळ आरामात राहतो.

बंदाची पट्टी लांबीत मधून दुमडा, परत उघडा, दोन्ही कडा मधल्या रेघेपर्यंत आणा आणि पुन्हा दुमडा. चार पदरी, एक इंच रुंद बंद होतो. दोन्ही बाजूंनी टीप मारा. पिशवी सगळ्यात आधी फाटते ती बंदाच्या जोडावर. म्हणून बंदाचं टोक पिशवीच्या आत इंच-दीड इंच घ्या, त्यावर आधी चौकोन शिवा आणि चौकोनात फुली मारा. नुसती एक आडवी टीप मारून सोडू नका. मी प्रत्येक पिशवी विकण्याआधी दोन हातांनी बंद धरून झटका देऊन बघते. आवाज आला की परत मशीनवर.

बटव्यासाठी 6 इंचाची पट्टी 18 इंचावर कापा (उरलेला 4 इंचाचा तुकडा नाडीला येईल). आखूड बाजूंना दोन-दोन इंच आत दुमडून घ्या, दुमडीखाली एक टीप आणि त्याच्या पाऊण इंच वर दुसरी टीप, म्हणजे नाडी जायला बोळ तयार होतो. मग पट्टी दुमडून दोन्ही बाजू शिवा, फक्त बोळाचं तोंड उघडं ठेवा. बटवा 5 बाय 7 इंचाचा होतो. एक नाडी उजवीकडून घालून उजवीकडेच बाहेर काढा, दुसरी डावीकडून. दोन्हीकडे ओढलं की तोंड घट्ट बंद. आपल्या आज्या कमरेला चंची खोचायच्या, तिच्यात पान, सुपारी, चुना आणि चार आणे सगळं असायचं. हा तिचाच धाकटा भाऊ. आत दोन तिळाचे लाडू घातले की वाण तयार.

मसोत्याचा तुकडा दुमडून आत जुन्या सुती साडीचे किंवा टॉवेलचे तीन-चार थर भरा, कडा आत घालून शिवा आणि गोधडीसारखा धावदोरा घाला, म्हणजे आतले थर गोळा होत नाहीत. देताना सांगा, ताई, ओलं मसोतं वापरू नका. ओल्या कापडातून चटका लगेच लागतो.

बारीक चिंध्यांचं पायपुसणं

पिशवीला पुरणार नाहीत असे तुकडे म्हणजे पायपुसण्याचा माल. दीड इंचाच्या पट्ट्या कापा. जोडायला सुई नको. दोन्ही टोकांना छोटी चीर द्या, एका पट्टीचं टोक दुसऱ्याच्या चिरेतून घाला, मग दुसरीचं मागचं टोक पहिलीच्या चिरेतून ओढून घ्या. गाठ चपटी बसते. तीन पेडांची वेणी घाला, पोरीच्या केसांची घालतो तशीच, फार आवळायची नाही. मागाची झालरवाली पट्टी एका पेडात घेतली तर वेणी मऊ आणि फुगीर होते.

लांबट गोल पायपुसण्याला सुरुवात किती लांब ठेवायची, यात बहुतेक जणी चुकतात. लांबीतून रुंदी वजा करा. 27 इंच लांब आणि 18 इंच रुंद हवं असेल तर मधली पहिली सरळ वेणी 9 इंचाची. मग तिच्याभोवती गुंडाळत जा आणि शेजारच्या वेण्या जाड दोऱ्याने जोडत चला. इंचभर रुंद वेणी असेल तर एवढ्या मापाला साधारण 35 फूट वेणी लागते, आणि तेवढ्या वेणीला 45 ते 50 फुटांचे तीन पेड.

हे जोडकाम मांडीवर घेऊन करू नका. जमिनीवर किंवा पाटावर सपाट ठेवून करा. मांडीवर केलं की ते वाटीसारखं वर उचलतं, आणि एकदा उचललं की कितीही इस्त्री करा, बसत नाही. माझ्या पहिल्या पायपुसण्यात आमची मांजर झोपायची. वळणावर वेणी ओढू नका, थोडी सैल सोडा.

लग्नपत्रिका आणि पुठ्ठा

लग्नसराई संपली की घरात पत्रिकांचा ढीग साठतो. गणपतीचं चित्र असतं म्हणून टाकवत नाही आणि ठेवायला जागा नाही. त्यांची आहेराची पाकिटं करा. पाकीट सव्वातीन बाय सात इंचाचं ठेवा, कोणतीही नोट न दुमडता जाते. चित्र पुढच्या बाजूला येईल असं कापा आणि वर एक रुपयाचं नाणं चिकटवा. चिकटवायला घरचीच खळ चालते : मैदा आधी थंड पाण्यात गुठळी न होता कालवा, मग मंद आचेवर चकाकी येईपर्यंत ढवळा. पुस्तक बांधणारे लोक कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. तो विषारी आहे, आपल्या घरात नको. खळ लागेल तेवढीच करा, दुसऱ्या दिवशी आंबते.

वर्तमानपत्राच्या पिशव्या करताय तर त्या मेडिकलवाल्याला द्या, बांगडीवाल्याला द्या, पण वडे-भज्यांच्या गाडीवर नाही. छपाईची शाई गरम तेलकट पदार्थाला लागते. केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2016 मध्ये आणि पुन्हा 2023 मध्ये खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधू नका असं सांगितलं आहे.

पुठ्ठ्याच्या खोक्यांचं गणपतीचं मखर हा मोठा विषय आहे, त्याचा वेगळा पाठ श्रावणाआधीच्या अंकात घेऊ. राज्यात 2018 पासून थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे, त्यामुळे त्याला मागणी आहे एवढंच आत्ता सांगते.

किंमत

आता माझी फसगत. राज्यात 23 मार्च 2018 ला प्लास्टिक पिशव्यांच्या बंदीची अधिसूचना निघाली आणि दुकानदारांना पहिल्याच गुन्ह्याला 5,000 रुपये दंड बसू लागला. त्या दिवसांत कापडी पिशवीला एकदम भाव आला. एका दुकानदाराने आमच्या गटाला विचारलं, 300 पिशव्या कितीला द्याल? मी गटाची सचिव. मला वाटलं ऑर्डर हातची जायला नको. तो म्हणाला 35, मी म्हणाले चालेल. तिथल्या तिथे, कुणालाही न विचारता.

घरी येऊन कागदावर मांडलं तेव्हा डोळे उघडले. कापड 40 रुपये मीटर, म्हणजे पिशवीला 20. धागा 2. वीज आणि मशीनची झीज 2. रिक्षा-टेम्पो 3. शंभरात चार-पाच पिशव्या बिघडतात, त्याचे 2 धरा. झाले 29. पस्तिसातून 29 गेले, उरले 6. एका पिशवीला कापण्यापासून घडी घालण्यापर्यंत 25 मिनिटं लागतात. सहा जणींनी मिळून 300 पिशव्या शिवल्या. प्रत्येकीला मिळाले 300 रुपये आणि काम झालं जवळजवळ 21 तास. तासाला 15 रुपयेसुद्धा पडले नाहीत. ऑर्डर वेळेवर पूर्ण केली, शब्द दिला होता ना. पण वाटप करताना एक जण म्हणाली, यापेक्षा मी झोपले असते तर बरं झालं असतं. ती बोलली ते मला आजही लागतं, कारण खरं होतं.

दुकानदाराची यात चूक काढता येत नाही. त्याने भाव विचारला, मी होकार दिला. चूक ही की मजुरी हा खर्च आहे असं मला वाटलंच नव्हतं. घरातलं काम फुकट करायची आपल्याला इतकी सवय आहे की शिवणाचे तासही आपण त्यातच धरतो.

आता आम्ही असं मांडतो. तासाला 60 रुपये मजुरी धरली तर 25 मिनिटांचे 25 रुपये. 29 अधिक 25 म्हणजे 54. त्यावर गटाचा वाटा 6 रुपये. पिशवी 60 ला. हे आकडे आमचे आहेत, तुमच्याकडे कापड स्वस्त मिळेल, प्रवास लांबचा असेल, तर तुमचे बदलतील. पण रकाने तेच ठेवा आणि मजुरीचा रकाना रिकामा सोडू नका. बटवा आणि मसोतं उरलेल्या कापडातून निघतं, त्यांच्या कापडाचे पैसे पिशवीतच वसूल झालेले असतात, तिथे मजुरी आणि धागाच लावायचा. म्हणून वाणाची वस्तू बाजारातल्या प्लास्टिकच्या डब्याच्या भावात देता येते.

साठाची पिशवी कोण घेतं, हा प्रश्न तुम्ही विचारणारच. भाजीवाला घेत नाही, हे खरं. त्याच्यासाठी बंद नसलेली छोटी, एका टिपेची पिशवी वेगळी करावी लागते. साठाची पिशवी शाळेच्या कार्यक्रमाला जाते, बारशा-मुंजीच्या परतीच्या भेटीला जाते, उमेदच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात जाते, वज्रेश्वरी-गणेशपुरीला येणारे भाविक प्रसाद ठेवायला घेतात. त्यांना पिशवीवर नाव किंवा तारीख हवी असते. बटाट्याचा ठसा पोरांच्या खेळाला ठीक, विकायच्या मालाला लाकडी ठसा आणि कापडाचा रंगच वापरा, आणि छापल्यावर उलट्या बाजूने इस्त्री फिरवा.

त्या दुकानदाराने पुढच्या वर्षी पुन्हा 300 मागितल्या. आम्ही 60 सांगितले आणि कागद दाखवला. तो 35 वरून 45 वर आला, आम्ही नाही म्हणालो, तो निघून गेला. पंधरा दिवसांनी 80 पिशव्या घेतल्या, 58 ने. दोन रुपये आम्ही सोडले, पण ते गटाच्या वाट्यातले, मजुरीतले नाहीत.

वाणाची ऑर्डर संक्रांतीच्या आठवड्यात येत नाही, तोवर बायकांनी खरेदी केलेली असते. कार्तिकातच नमुने घेऊन ग्रामसंघाच्या बैठकीत मांडा : एक बटवा, एक मसोतं, एक पिशवी, किमतीची चिठ्ठी लावून. निम्मी रक्कम आगाऊ घ्या आणि पावती द्या. ज्यांच्याकडे मशीन नाही त्यांनी पायपुसणी आणि पाकिटं घ्यावीत, त्याला सुई आणि कात्री पुरते. प्रभागसंघाच्या पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गटाने धुतलेलं एक मीटर कापड आणि खडू आणावा, आखणी एकत्र बसून करू.